सोमवारच्या बैठकीत न सांगितलेली केस

ताई, नमस्कार.

मी सहा वर्षं एका संस्थेत समुपदेशक म्हणून काम करते. आठवड्याला साधारण वीस सेशन्स होतात. काम मनापासून आवडतं. गेल्या आठ महिन्यांपासून माझ्याकडे पन्नाशीचे एक गृहस्थ येतात. त्यांच्या सेशनचा दिवस उजाडला की सकाळपासून माझ्या पोटात गोळा येतो. मागच्या महिन्यात त्यांनी ऐन वेळी सेशन रद्द केलं, तर मला सुटल्यासारखं वाटलं आणि मग दिवसभर त्याचीच लाज वाटत राहिली. त्यांच्या नोंदी लिहायला मी तीन-तीन दिवस लावते. इतर कुणाच्या बाबतीत असं होत नाही.

आमच्याकडे सुपरव्हिजन, म्हणजे आमच्या केसेसवर अनुभवी व्यक्तीची देखरेख, दर सोमवारी विभागप्रमुखांबरोबर होतं. किती केसेस चालू, किती बंद, कुणाच्या नोंदी राहिल्यात, एवढं विचारलं जातं. माझं वार्षिक मूल्यमापनही त्याच करतात, म्हणून हे त्यांना सांगायची हिंमत झाली नाही. नवरा म्हणतो, महिनाभर सुट्टी घे. याच क्षेत्रातली एक मैत्रीण म्हणते, तू स्वतः थेरपी घे. मला मात्र वेगळंच वाटतं. सहा वर्षांनंतरही कुणाला तरी विचारून काम करावं लागत असेल, तर मी या कामाला कच्ची आहे का? आणि क्लायंटच्या गोष्टी तिसऱ्या माणसाला सांगणं म्हणजे त्यांचा विश्वास मोडणं नाही का?

ता. क. : त्यांचं सेशन पन्नास मिनिटांचं असतं, पण दर वेळी दहा-पंधरा मिनिटं लांबतंच.

*

प्रिय मैत्रिणी,

तुमचं पत्र छापायला देताना मी त्यातल्या चार ओळी काढून टाकल्या. त्यांत त्या गृहस्थांचा हुद्दा होता आणि एक असा प्रसंग होता, की ओळखीच्या माणसाने वाचला असता तर त्यांना लगेच ओळखलं असतं. मी हे तुम्हाला दोष द्यायला सांगत नाही. सहा वर्षं डोळ्यांत तेल घालून गोपनीयता पाळणाऱ्या बाईच्या हातून या ओळी लिहिल्या गेल्या, याचं मला वाईट वाटलं. आठ महिने हे सगळं तुमच्या मनात साठत गेलंय. बोलायला हक्काची जागा मिळाली नाही की असं साठलेलं भलत्या ठिकाणी सांडतं. कधी घरी, कधी मैत्रिणीशी फोनवर, कधी एखाद्या अनोळखी सदरलेखिकेपुढे.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला यातच दिसतं, म्हणून तो आधी घेते. सुपरव्हिजनमध्ये केस मांडल्याने विश्वास मोडत नाही. तो मोडतो क्लायंटला अंधारात ठेवल्याने. पहिल्याच भेटीत, फी आणि वेळा ठरवताना, एक वाक्य बोलायचं असतं: ‘माझं काम नीट चाललंय ना, हे पाहण्यासाठी मी एका अनुभवी व्यक्तीशी नियमित बोलते. तिथे तुमचं नाव किंवा ओळख पटेल असं काही सांगत नाही, आणि त्या व्यक्तीलाही गोपनीयता बंधनकारक आहे.’ हे ऐकून बिथरलेले क्लायंट मला फार थोडे भेटले. आपली काळजी दोन डोक्यांनी वाहिली जातेय, याचा बहुतेकांना आधारच वाटतो. या गृहस्थांना हे सांगायचं राहून गेलं असेल, तर आता सांगा. उशीर झाला म्हणून ते चुकीचं ठरत नाही.

आता ‘कच्ची’ या शब्दाकडे येते. हा शब्द वाचून मला थोडा रागच आला. तुमचा नव्हे, ज्या वातावरणात तो तुमच्या मनात रुजला त्याचा. ब्रिटनमध्ये समुपदेशकांची बीएसीपी नावाची मोठी संघटना आहे. तिच्या मान्यताप्राप्त सभासदाला महिन्याला किमान दीड तास सुपरव्हिजन घ्यावंच लागतं. हा नियम नुकतीच मान्यता मिळालेल्या समुपदेशकाला आहे आणि तीस वर्षं काम केलेल्यालाही आहे. ज्येष्ठतेमुळे त्यातून सुटका होत नाही. मी स्वतः या कामाच्या पंचविसाव्या वर्षीही दर पंधरा दिवसांनी सुपरव्हिजनला जाते. शिकाऊ असताना मी ‘आता काय करू?’ हे विचारायला जायची. आता जाते ते वेगळ्या कारणासाठी. अनुभव वाढतो तशा आपल्या सवयी घट्ट होतात आणि सवय आतून दिसत नाही. वीस वर्षं दुरुस्त न केलेली चूक हळूहळू आपली शैली म्हणून मिरवायला लागते. ती कुणीतरी बाहेरूनच दाखवावी लागते.

मग तुमच्या सोमवारच्या बैठकीचं काय? ती बैठक वाईट नाही, संस्थेला तिची गरज असते. पण तिला सुपरव्हिजन म्हणू नका. ब्रिजिड प्रॉक्टर या ब्रिटिश समुपदेशक-प्रशिक्षक बाईंनी १९८०च्या दशकात सुपरव्हिजनची तीन कामं मांडली, ती आजही जगभर शिकवली जातात. काम नीतीला धरून आणि नीट होतंय ना हे पाहणं, हे एक. काम करणाऱ्याचं कौशल्य वाढवणं, हे दुसरं. आणि तिसरं, दुसऱ्याचं दुःख रोज ऐकून जी झीज होते ती भरून काढणं. तुमच्या सोमवारी पहिल्या कामाचा एक कोपरा, नोंदी आणि आकडे, तेवढा होतो. उरलेल्या दोन कामांना तिथे जागाच नाही. तुमच्या विभागप्रमुख प्रेमळ असत्या तरी ती झाली नसती. ज्या व्यक्तीच्या हातात तुमची बढती आहे, तिच्यासमोर ‘हा माणूस आला नाही की मला बरं वाटतं’ असं कोण म्हणेल?

इथे तुम्ही एकट्या नाही. निकोलस लडानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली अमेरिकेतल्या १०८ प्रशिक्षणार्थी थेरपिस्टना विचारलं की तुम्ही सुपरवायझरपासून काय लपवता. शंभरातल्या सत्त्याण्णव जणांनी काही ना काही लपवल्याचं कबूल केलं. त्यात क्लायंटबद्दलची नकोशी भावना होती, स्वतःच्या चुका होत्या आणि सगळ्यात जास्त होत्या त्या सुपरवायझरबद्दलच्याच तक्रारी. म्हणजे लपवावंसं वाटणं हा तुमच्या स्वभावातला दोष मानायचं कारण नाही. ज्या खोलीत न्यायाधीश बसलेला असतो, तिथे माणूस वकिलासारखाच बोलतो. तुम्हाला दुसरी खोली हवी आहे.

आणि आता तुमच्या ताज्या कलमाविषयी. पत्र वाचताना मी तिथेच थांबले. तुम्हीही अनुभवलं असेल, क्लायंट पन्नास मिनिटं इकडचं तिकडचं बोलतो आणि दाराच्या मुठीवर हात ठेवून खरी गोष्ट सांगून जातो. तुमची ती ओळ मला तशी वाटली. ज्या माणसाचा दिवस उजाडला की पोटात गोळा येतो, ज्याने सेशन रद्द केलं की सुटल्यासारखं वाटतं, त्यालाच तुम्ही दर वेळी दहा-पंधरा मिनिटं जास्त देता. बाकीच्यांना नाही.

डोनाल्ड विनिकॉट या ब्रिटिश मनोविश्लेषकाने १९४९ साली क्लायंटबद्दल थेरपिस्टच्या मनात येणाऱ्या द्वेषावर एक लेख लिहिला. तेव्हा असं उघड लिहिणं धाडसाचं होतं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की हा द्वेष येतो, तो स्वतःशी मान्य करावा आणि सांभाळावा. आणि त्यातच तो म्हणतो की थेरपिस्टचा द्वेष व्यक्त होण्याची एक रास्त वाट कामाच्या चौकटीतच आहे: तास संपतो. घड्याळ पाहून ‘आज इथे थांबू या’ म्हणणं, यात त्या नकोशा भावनेला थोडी जागा मिळते आणि कुणाला इजाही होत नाही. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा कितीतरी दिवस डोक्यात घोळत होतं. ज्याला आपल्या मनातली नावड सहन होत नाही, त्याला तास संपवणंही जड जात असेल का? आपण क्रूर तर होत नाही ना, या धास्तीने तो वेळ वाढवत जात असेल का? तुमच्या बाबतीत असंच आहे असं मी म्हणणार नाही. एका पत्रावरून ते कुणीच सांगू नये. कदाचित ते गृहस्थच शेवटच्या पाच मिनिटांत असं काही बोलतात की उठणं अशक्य होतं. कदाचित तुमच्या आयुष्यात कुणीतरी असं होतं, ज्यांच्यासमोर ‘आता पुरे’ म्हणायची सोय नव्हती. यातलं काय खरं, ते शोधायला सुपरव्हिजन असतं.

ते कसं शोधलं जातं, याचा माझ्यावर गुदरलेला एक प्रसंग सांगते. तपशील बदललेत. कामाच्या चौथ्या-पाचव्या वर्षी माझ्याकडे एक बाई यायच्या, धाकट्या भावाच्या अकाली मृत्यूनंतर आलेल्या. त्या अखंड बोलायच्या: दवाखाना, कागदपत्रं, नातेवाइकांचं वागणं, सगळं तारीखवार. आणि मला झोप यायची. सख्ख्या भावाचं मरण समोर बसून सांगणाऱ्या बाईपुढे मी जांभई दाबत होते. ही गोष्ट मी दोन महिने सुपरव्हिजनमध्ये काढली नाही. शेवटी एके दिवशी वही उघडून केस सांगायला लागले आणि सांगतच राहिले. कुठल्या सेशनला काय झालं, मी काय विचारलं, त्या काय म्हणाल्या. वीसेक मिनिटांनी माझ्या सुपरवायझर बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, ‘अगं, तू मला मध्ये शिरायला फटच ठेवली नाहीस. मला मघापासून पेंग येतेय.’

मला आधी अपमान वाटला आणि लगेच अंगावर काटा आला. त्या बाई जे माझ्याशी करत होत्या, तेच मी माझ्या सुपरवायझरशी करत होते. मध्ये क्षणभर जरी शांतता झाली असती, तरी भाऊ गेलाय हे त्या शांततेत समोर आलं असतं. म्हणून शब्दांची भिंत. मला येणारी झोप म्हणजे त्या भिंतीवर आपटून आलेला थकवा होता. हॅरॉल्ड सर्ल्स या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाने १९५५ साली याच गोष्टीकडे लक्ष वेधलं. क्लायंट आणि थेरपिस्ट यांच्यात जे चाललंय, ते थेरपिस्ट नकळत सुपरव्हिजनच्या खोलीत वठवून दाखवतो. पुढे याला समांतर प्रक्रिया म्हणायला लागले. पुढच्या सेशनला मी त्या बाईंना फक्त म्हटलं, ‘आपण एक मिनिट काही न बोलता बसू या का?’ त्या बसल्या. चाळीसेक सेकंद गेले असतील, आणि भाऊ गेल्यानंतर पहिल्यांदा त्या माझ्यासमोर रडल्या.

ज्या गोष्टीची मला लाज वाटत होती, तीच त्या केसची किल्ली निघाली. तुमच्या पोटातला गोळाही मी तसाच पाहते. तो लपवायची वस्तू नाही, कामाची माहिती आहे. पॉला हायमन या मनोविश्लेषक बाईंनी १९५० साली नेमकं हेच मांडलं होतं की क्लायंटबद्दल थेरपिस्टला जे वाटतं, ते क्लायंटचं मन समजून घेण्याचं एक साधन असतं. मात्र हे साधन एकट्याने वापरलं तर हमखास हात कापतो. माझी झोप त्या बाईंची होती की माझ्याच जागरणाची, हे मला एकटीला कधीच कळलं नसतं.

सुट्टीबद्दल दोनच वाक्यं. थकवा असेल तर जरूर घ्या. पण एकोणीस सेशन्स नीट होतात आणि एकाच ठिकाणी अडतं, तेव्हा सुट्टीनंतरही ते अडणं तिथेच वाट पाहत असेल.

थेरपी की सुपरव्हिजन, हा वाद मात्र या व्यवसायाइतकाच जुना आहे. प्रशिक्षणाची चौकट म्हणून सुपरव्हिजन रुजलं ते १९२०मध्ये बर्लिनला सुरू झालेल्या मनोविश्लेषण केंद्रात, माक्स आयटिंगॉन यांच्या पुढाकाराने. त्यानंतर बुडापेस्टच्या मंडळींचं म्हणणं पडलं की शिकाऊ विश्लेषकाचं स्वतःचं विश्लेषण, म्हणजे त्याची थेरपी, करणाऱ्यानेच त्याच्या पहिल्या केसवरही देखरेख करावी, कारण केसमधल्या अडचणी शेवटी त्याच्या मनातल्याच असतात. व्हिएन्नाच्या मंडळींना हे पटलं नाही. त्यांच्या मते दोन्ही कामं दोन वेगळ्या माणसांकडे हवीत. आज बहुतेक ठिकाणी व्हिएन्नाची रीत चालते आणि मलाही तीच बरोबर वाटते. उद्या सुपरव्हिजनमध्ये बोलता बोलता तुमच्या लक्षात आलं की हे गृहस्थ अमुक एका नातेवाइकासारखे वाटतात, तर तिथे त्याची नोंद घ्यायची, तुमच्या वागण्यावर त्याचा काय परिणाम होतो ते बघायचं आणि पुन्हा क्लायंटकडे यायचं. त्या नातेवाइकाचं जे दुखणं तुमच्या मनात आहे, ते घेऊन थेरपिस्टकडे जायचं. चांगला सुपरवायझर हा उंबरठा स्वतःच ओळखतो. जो तुमच्या बालपणात तासन् तास रमतो आणि क्लायंटला विसरतो, त्याच्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नका. मैत्रिणीचा सल्ला चुकीचा नाही. फक्त आधी सुपरव्हिजन, असं मी सांगेन, कारण ते गृहस्थ पुढच्या आठवड्यात पुन्हा येणार आहेत.

तर संस्थेबाहेरची व्यक्ती शोधा. जवळ कुणी नसेल तर ऑनलाइन चालतं. मी स्वतः तीन वर्षं तसं केलं. फक्त दार बंद होतं अशी खोली हवी आणि कानाला हेडफोन. पहिली भेट केस मांडण्यात घालवू नका. त्यांना विचारा, तुम्ही स्वतः अजून सेशन्स घेता का? स्वतः सुपरव्हिजन घेता का? माझं काही चुकतंय असं वाटलं तर मला कसं सांगाल, आणि मला तुमचं काही पटलं नाही तर ते मी कसं सांगू? या शेवटच्या प्रश्नावर ज्यांचा चेहरा पडतो, त्यांच्याकडे तुम्ही कधीच मोकळ्या होणार नाही. माझ्या संस्थेला तुम्ही काय कळवाल, हेही आधीच ठरवून घ्या, शक्य असेल तर लेखी. माझ्याकडे येणाऱ्यांच्या बाबतीत मी हजेरीपलीकडे काही कळवत नाही. क्लायंटच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका दिसला, तरच हा नियम मोडते, आणि हेही पहिल्याच दिवशी सांगून ठेवते. अशा धोक्याच्या वेळी पुढच्या तारखेची वाट पाहायची नसते. अधल्यामधल्या दिवशी फोन कुणाला करायचा, तो नंबर पहिल्याच भेटीत घेऊन ठेवा.

एक गोष्ट मात्र आग्रहाने सुचवते. या गृहस्थांची लेखी परवानगी मिळाली, तर एका सेशनचं रेकॉर्डिंग करा. ते कुणाला आणि कशासाठी ऐकवणार आणि कधी पुसणार, हे त्यांना सांगून. कार्ल रॉजर्स यांनी १९४२मध्येच ध्वनिमुद्रित सेशन्स प्रशिक्षणासाठी वापरण्यावर लिहिलं होतं, तेही जड तबकड्यांवर मुद्रण करावं लागे त्या काळात. कारण साधं आहे. आपण आठवणीतून केस सांगतो तेव्हा नकळत स्वतःला थोडं शहाणं करून सांगतो. रेकॉर्डिंगमध्ये तो सुज्ञपणा गळून पडतो. सगळं ऐकू नका. पंचेचाळिसाव्या मिनिटापासून ऐका. सेशन संपवायचा पहिला प्रयत्न तुम्ही कितव्या मिनिटाला करता, कोणत्या शब्दांत, त्यावर ते काय म्हणतात, आणि मग तुमचा आवाज कसा होतो, एवढंच टिपून घ्या. परवानगी नाही मिळाली तर सेशननंतर लगेच, त्याच खुर्चीत बसून, शेवटच्या पाच मिनिटांतली वाक्यं आठवतील तशी लिहून काढा. तिसऱ्या दिवशी ती वाक्यं उरलेली नसतात.

सुपरवायझर मिळेपर्यंत, आणि नंतरही, चार-सहा समुपदेशकांचा गट जमवता येईल. लंडनच्या टॅव्हिस्टॉक क्लिनिकमध्ये मायकेल आणि एनिड बालिंट यांनी १९५०च्या दशकात डॉक्टरांसाठी असे गट चालवले. त्याच धर्तीवरचे गट अजून जगभर चालतात. आजच्या अनेक बालिंट गटांत एक सुंदर रिवाज आहे. केस सांगणारा माणूस कागद न बघता सांगतो आणि मग खुर्ची थोडी मागे ओढून गप्प बसतो. बाकीचे बोलतात, तो ऐकतो. ‘तू असं करायला हवं होतंस’ हे वाक्य तिथे चालत नाही. आपल्याच केसबद्दल पाच माणसांच्या मनात काय काय उमटतं, हे गप्प बसून ऐकणं अवघड जातं, आणि फार उपयोगीही पडतं. अशा गटात एक धोका असतो. सगळेच एकमेकांना सांभाळून घेतात आणि कुणीच टोचत नाही. म्हणून अधूनमधून एखादी ज्येष्ठ व्यक्ती बोलवा.

विभागप्रमुखांना काय सांगायचं? केस सांगायची गरज नाही. एवढंच म्हणा: ‘मॅडम, सोमवारची बैठक कामाच्या आढाव्यासाठी राहू दे. केसेसवर बोलायला मला बाहेरचं सुपरव्हिजन हवंय. महिन्यातून दोन तास त्यासाठी मोकळे मिळतील का?’ संस्थेने फी दिली तर उत्तम. नाही दिली आणि तुम्हाला झेपत नसेल, तर गटापासून सुरुवात करा. त्या नाही म्हणाल्या तर मला कळवा. संस्थांसमोर हा मुद्दा कसा मांडायचा, यावर मी या सदरात वेगळं लिहीन. मात्र त्या पत्रात या गृहस्थांविषयी काही नको.

त्यांना घाईने दुसऱ्या समुपदेशकाकडे पाठवू नका. कदाचित पुढे तेच योग्य ठरेल आणि त्यात हार मानण्यासारखं काही नसेल. पण आज तुम्ही पाठवलंत, तर ते नेमके कशापासून सुटण्यासाठी पाठवलं हे तुम्हाला कळणार नाही. आणि त्यांनाही.

सुपरवायझर मिळण्याआधी पुढचं सेशन आलं तर घड्याळ दोघांनाही दिसेल असं ठेवा. चाळिसाव्या मिनिटाला सांगा, ‘आपल्याकडे अजून दहा मिनिटं आहेत.’ पन्नासाव्या मिनिटाला खुर्चीतून उठा. उठता आलं नाही तरी चालेल, स्वतःला बोल लावू नका. नेमकं कुठल्या शब्दाशी अडकलात तेवढं लिहून ठेवा. आणि नव्या सुपरवायझरसमोर पहिल्यांदा केस मांडाल, तेव्हा निदान, इतिहास, कौटुंबिक पार्श्वभूमी हे सगळं नंतर सांगा. सुरुवात ताज्या कलमापासून करा.